क्लिक केले तरी काहीच होत नाही: अंतर्गत पोर्टल, शेअर्ड फोल्डर आणि ब्राउझर यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या संस्थेतले आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत, तांत्रिक भाग मात्र घडला तसा ठेवला आहे.

संस्थेचे रोजचे काम दोन गोष्टींवर चालत असे. एक म्हणजे विंडोज सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डर. परिपत्रके, कोरे अर्ज, एक्सेलचे तक्ते, जुने अहवाल असे वर्षानुवर्षांचे सगळे त्यात साठले होते. दुसरे म्हणजे अंतर्गत पोर्टल. नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात ते एचटीएमएलचे (वेब पाने लिहिण्याच्या भाषेतले) एक लांबलचक पान होते. कोणीतरी कधीतरी हाताने लिहिलेले, आणि पुढे ज्याला जमेल त्याने त्यात भर घातलेली. पानावर काही शे लिंक होत्या आणि त्यातल्या बहुतेक ‘फाइल:’ ने सुरू होऊन थेट शेअर्ड फोल्डरमधल्या कागदाकडे बोट दाखवत.

हे सगळे इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरवर सुरळीत चालत होते. पण १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा पाठिंबा थांबवला. संस्थेत जुने संगणक त्यानंतरही बराच काळ रेटले गेले. अखेर विंडोज ११ चे नवे संगणक आले. कोणी त्यावरचे एज वापरू लागले, कोणी क्रोम घातले, थोडेजण फायरफॉक्सवाले.

त्याच सुमारास प्रशिक्षण विभागाने नव्या कर्मचाऱ्यांसाठी एक ऑफलाइन संच बनवून घेतला. पेनड्राइव्हवरचे फोल्डर संगणकावर उतरवायचे, मुख्य पानावर डबल क्लिक करायचे, की ब्राउझरमध्ये धडे दिसू लागतील, अशी योजना होती.

समस्या

तंत्रसाहाय्य कक्षाकडे आलेल्या तक्रारींचे शब्द जवळपास सारखेच होते: “लिंक उघडत नाही.” काहींनी “साइट बंद आहे” असेही लिहिले होते. पोर्टलचे पान व्यवस्थित दिसत होते, त्यामुळे ते खरे नव्हते.

नेहमीचे उपाय करून झाले होते. कॅशे साफ केले, ब्राउझर काढून पुन्हा घातला, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवून पाहिला, एका खोलीत तर नेटवर्कची केबलही बदलली. कशाचाही उपयोग झाला नाही. तक्रार सुटत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतःच वाटा शोधल्या आणि खरे नुकसान तिथे झाले.

लेखा विभागातल्या एका बाईंशेजारी बसून नेमके काय होते ते पाहिले. त्यांनी पोर्टलवर मासिक खर्चाच्या तक्त्यावर क्लिक केले. नवा टॅब नाही, चूक सांगणारा संदेश नाही, फिरते चक्रही नाही. मग त्यांनी सवयीने राइट क्लिक करून लिंकचा पत्ता कॉपी केला, नव्या टॅबच्या ॲड्रेस बारमध्ये चिकटवला, एंटर दाबले. फाइल लगेच आली.

“म्हणजे फाइल आहे ना जागेवर? मग क्लिकला काय धाड भरलीय?”

प्रश्न रास्त होता. पण त्याहून गंभीर गोष्ट ब्राउझरच्या कोपऱ्यात दिसत होती. तक्ता ‘आला’ म्हणजे डाउनलोड झाला होता. क्रोमला एक्सेलची फाइल स्वतःला दाखवता येत नाही, म्हणून तो तिची प्रत डाउनलोड्स फोल्डरमध्ये टाकतो. बाई त्या प्रतीत आकडे भरत होत्या. शेअर्ड फोल्डरमधली मूळ फाइल तशीच कोरी पडून होती आणि डाउनलोड्समध्ये त्याच नावापुढे कंसात १, २, ३ असे आकडे लागलेल्या प्रतींची रांग उभी होती. दुसऱ्या विभागात दोघांनी एकाच तक्त्याच्या आपापल्या प्रती भरल्या होत्या आणि बेरीज का जुळत नाही यावर वाद घालत होते.

तपास: एका तक्रारीत किती तक्रारी

त्याच संगणकावर एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर आपल्या अडचणी नोंदवतो ती चौकट, उघडला आणि लिंकवर पुन्हा क्लिक केले. तांबडी ओळ आली: ‘नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स’. पानावर अवाक्षर नाही, पण ब्राउझरने कन्सोलमध्ये कारण स्पष्ट लिहून ठेवले होते. फायरफॉक्सही असेच करतो, त्याचे वाक्य फक्त वेगळे असते.

नियम असा आहे. वेब सर्व्हरवरून आलेल्या पानाला संगणकावरची किंवा नेटवर्कवरची फाइल उघडता येत नाही. वापरणाऱ्याने स्वतः पत्ता लिहिला तर चालतो, पानाने नेले तर चालत नाही. म्हणूनच चिकटवून काम होत होते आणि क्लिकने होत नव्हते. हा नियम उगाच घातलेला नाही. कुठल्याही साइटला तुमच्या फाइलकडे वळता आले, तर अमुक फाइल इथे आहे का, अमुक प्रोग्रॅम बसवला आहे का, हे चाचपून पाहण्याची वाट तिला मिळते. विंडोजमध्ये आणखी एक धोका आहे. नेटवर्कवरच्या शेअरचा पत्ता उघडायला गेले की विंडोज त्या सर्व्हरकडे आपणहून ओळख पटवायला जाते. सर्व्हर लबाडाचा असेल तर पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक माहिती त्याच्या हाती लागते. इंटरनेट एक्सप्लोरर अंतर्गत नेटवर्कवरच्या साइटला या बाबतीत मोकळीक देत असे. नवे ब्राउझर मुळात देत नाहीत.

इथेच थांबलो असतो तर अर्धेच प्रकरण सुटले असते, कारण सगळ्या तक्रारी या साच्यात बसत नव्हत्या. म्हणून प्रत्येक तक्रारदाराला तीन प्रश्न विचारायचे ठरले. लिंक कुठे आहे: पोर्टलवर, मेलमध्ये, वर्डमध्ये की संगणकावरच्या पानात? क्लिक केल्यावर नेमके काय दिसते: काहीच नाही, कोरे पान, ‘फाइल सापडली नाही’, की डाउनलोड? आणि पत्ता ॲड्रेस बारमध्ये चिकटवला तर उघडते का? फोनवर दोन मिनिटांत उत्तरे मिळत आणि तक्रारींचे ढीग आपोआप वेगळे होत.

पहिला आणि सर्वांत मोठा ढीग पोर्टलचा. दुसरा प्रशिक्षण संचाचा. तिसऱ्या ढिगातल्या लिंक पत्ता चिकटवूनही उघडत नव्हत्या. तिथे दोष ब्राउझरच्या नियमाचा नव्हता, पत्त्यातच होता.

प्रशिक्षण संचाचे कोडे

संचाचे मुख्य पान उघडत होते. शीर्षक, रंग, बटणे सगळे जागेवर, फक्त धड्यांची यादी रिकामी. ज्याने संच बनवला त्याच्या संगणकावर सगळे ठीक होते, कारण तो काम करताना लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर, छोटा सर्व्हर चालवून पान बघत असे. डबल क्लिक करून बहुधा त्याने ते कधी उघडलेच नव्हते.

फरक इथेच होता. सर्व्हरवरून आलेल्या पानाला एक ‘उगम’ असतो: प्रोटोकॉल (पत्त्याच्या सुरुवातीचा भाग), यजमान (सर्व्हरचे नाव) आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) मिळून. एकाच उगमाची पाने एकमेकांच्या फाइली वाचू शकतात. डबल क्लिक करून उघडलेल्या पानाला असा उगमच नसतो. क्रोम आणि एज त्याला ‘नल’ धरतात आणि शेजारची फाइलही परकी मानतात. संचाचे पान धड्यांची यादी शेजारच्या जेसन फाइलमधून (माहिती साठवण्याची मजकुराची फाइल) मागवत होते. ब्राउझरने ती मागणी अडवली आणि यादी रिकामी राहिली. जावास्क्रिप्ट मॉड्यूल म्हणून, म्हणजे नव्या पद्धतीने, जोडलेली स्क्रिप्टही (पानातला छोटा प्रोग्रॅम) याच कारणाने डबल क्लिकच्या पानात चालत नाही.

तपासाला इथे एक फाटा फुटला. प्रशिक्षण विभागातल्या एका जुन्या संगणकावर संच व्यवस्थित चालत होता. “तिथे चालतो, म्हणजे संच बरोबर आहे आणि नव्या संगणकांतच काहीतरी बिघाड आहे,” असे तिथल्या प्रमुखांचे म्हणणे. तर्क चुकीचा नव्हता. त्या संगणकावर फायरफॉक्सची फार जुनी आवृत्ती होती आणि कोडे तिथेच सुटले. जुना फायरफॉक्स एका फोल्डरमधल्या फाइलींना एकमेकींचे मानत असे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून त्यानेही हे बंद केले. मेलमधून आलेले एखादे एचटीएमएल पान डाउनलोड्समध्ये उघडले, तर ते त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली वाचू शकते, हे त्यामागचे कारण. म्हणजे जुना संगणक ‘निरोगी’ नव्हता, त्याला फक्त नवा नियम लागू झालेला नव्हता.

दुसऱ्या एका संगणकावर संच क्रोममध्येही चालत होता. तिथे एका हौशी सहकाऱ्याने शॉर्टकटच्या गुणधर्मांत ‘अलाउ फाइल ॲक्सेस फ्रॉम फाइल्स’ हा स्विच जोडून ठेवला होता. तो स्विच क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून त्याच शॉर्टकटवरून उघडले तरच लागू होतो. त्यामुळे “कधी चालतो, कधी चालत नाही” अशीही एक तक्रार याच टेबलावरून आली होती. हा स्विच संरक्षण सगळ्याच स्थानिक पानांसाठी काढून टाकतो आणि पोर्टलवरच्या लिंकचा प्रश्न त्याने सुटतही नाही. दोन्ही गोष्टी ‘लोकल फाइल’च्या असल्या तरी कुलपे वेगवेगळी आहेत. तो शॉर्टकट त्याच दिवशी पुसला.

पत्त्यातले दोष

तिसरा ढीग लहान होता, पण वेळ सर्वांत जास्त त्यानेच खाल्ला.

काही लिंक ड्राइव्हच्या अक्षरावर बेतलेल्या होत्या. ज्याने लिंक बनवली त्याच्याकडे शेअर्ड फोल्डर ‘झेड’ नावाने जोडलेला, दुसऱ्याकडे ‘एस’, नव्या संगणकावर जोडलेलाच नाही. त्याला उत्तर सोपे: अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता).

तिरप्या रेषांचा घोळ त्याखालोखाल होता. स्वतःच्या संगणकावरच्या फाइलच्या पत्त्यात कोलननंतर तीन रेषा येतात, कारण मधले यजमानाचे नाव रिकामे असते. सर्व्हरवरच्या फाइलसाठी दोन रेषा, मग सर्व्हरचे नाव. फायरफॉक्सला मात्र सर्व्हरच्या नावाआधी पाच रेषा लागतात. पोर्टलवर या सर्व प्रकारांची भेसळ होती.

मग नावातली चिन्हे. ‘आदेश #१२’ नावाची पीडीएफ कुठल्याच ब्राउझरमध्ये उघडेना. पत्त्यात # आले की त्यापुढचा भाग पानातल्या ठिकाणाचे नाव समजला जातो. ब्राउझर ‘आदेश’ एवढ्याच नावाची फाइल शोधत होता. तिथे %२३ लिहावे लागते, आणि खुद्द % असेल तर %२५. नियम पाठ करण्यापेक्षा सोपी युक्ती अशी की ती फाइल विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून (फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीतून) ओढून ब्राउझरच्या खिडकीत टाकायची. ॲड्रेस बारमध्ये दिसणारा पत्ता ब्राउझरने स्वतः बरोबर लिहिलेला असतो. तो कॉपी करून लिंकमधल्या पत्त्याशेजारी ठेवला की फरक डोळ्यांनी दिसतो.

सगळ्यात चिवट निघाली ती ‘कर्मचाऱ्यांची यादी’. लिंकमधले नाव आणि फोल्डरमधले नाव अक्षरशः सारखे दिसत होते, तरी ‘फाइल सापडली नाही’. शेवटी फोल्डरमध्ये त्याच नावाची नवी फाइल बनवून पाहिली. विंडोजने हरकत घेतली नाही. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या!

कारण ‘ऱ्या’मध्ये होते. हे जोडाक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येते. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१, आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याची स्वतंत्र कळही आहे. तोच ‘ऱ’ साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो. तिसरा मार्ग ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. उच्चारावर चालणारी काही टंकलेखन साधने हा मार्ग घेतात. पडद्यावर तिन्ही सारखे, पण विंडोजच्या फाइलव्यवस्थेला ती तीन वेगळी नावे. फाइलचे नाव एकाने एका कळफलकाने लिहिले होते, लिंक दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकाने.

ओळखायची सोपी खूण: नाव बदलण्याच्या चौकटीत कर्सर ‘ऱ्या’च्या मागे ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबायचे. एका नावात ‘ऱ’ एका दाबात गेला, दुसऱ्यात आधी नुक्ता गेला आणि ‘र’ मागे उरला. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (एकच अक्षर एकाच रूपात आणण्याच्या पद्धतीने) एकसारखे करता येतात. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा प्रकार त्याने बदलत नाही, तो शोधून वेगळा बदलावा लागतो. ज्यांची फाइलनावे मराठीत आहेत त्यांनी हे एकदा तरी तपासावे. दुसऱ्या, वाऱ्या, ताऱ्या असलेली नावे कमी नसतात.

विचारात घेतलेले पर्याय

पोर्टलसाठी चार-पाच मार्ग समोर होते आणि बैठकीत प्रत्येकाचा एकेक पुरस्कर्ता होता.

एजमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड हा पहिला सुचलेला उपाय. हा मोड निदान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितलेले आहे, त्यामुळे ‘काहीच न बदलता’ काम भागेल असे काहींना वाटले. पण नुसत्या लिंकसाठी जुने इंजिन पुन्हा दारात उभे करायचे आणि काही वर्षांनी याच बैठकीला बसायचे, हे पटले नाही. क्रोमवाल्यांना त्याचा उपयोगही नव्हता.

ब्राउझरच्या एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) पर्याय आकर्षक होता. फाइलच्या लिंक उघडून देणारी एक्स्टेंशने मिळतात. मात्र एक्सेलची फाइल एक्सेलमध्येच उघडायची तर एक्स्टेंशनसोबत संगणकावर एक मदतनीस प्रोग्रॅमही बसवावा लागतो. ज्या नियमाचे कारण आपल्याला नुकतेच समजले, तोच नियम अनोळखी लेखकाच्या प्रोग्रॅमने मोडायचा. हा पर्याय सुरक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एका वाक्यात संपवला.

तिसरा मार्ग: सगळ्या फाइली वेब सर्व्हरवरून द्यायच्या, म्हणजे लिंक ‘फाइल’च्या न राहता साध्या वेबच्या होतील. प्रत्येक ब्राउझरमध्ये चालेल, फोनवरही. अडचण दोन ठिकाणी होती. एक्सेलचे तक्ते यातही डाउनलोडच झाले असते, म्हणजे प्रतींचा गोंधळ कायम. दुसरी अडचण परवानग्यांची. शेअर्ड फोल्डरमध्ये कोणाला काय दिसावे हे विंडोज ठरवत होते. वेब सर्व्हर सगळे वाचणाऱ्या एकाच खात्याने चालवला असता, तर पगाराचे तक्ते कोणालाही दिसू शकले असते.

चौथा मार्ग एजच्या धोरणाचा. एजच्या ९५ व्या आवृत्तीपासून ‘इंट्रानेट फाइल लिंक्स एनेबल्ड’ नावाचे धोरण, म्हणजे संस्थेला सर्व संगणकांवर एकदम लावता येणारी सेटिंग, आहे. ते चालू केले की अंतर्गत साइटवरच्या फाइल लिंकवर क्लिक केल्यावर विंडोजचा फाइल एक्सप्लोरर ती फाइल किंवा फोल्डर समोर आणतो. तिथून उघडलेली फाइल ही मूळ फाइल असते, प्रत नव्हे. अटी कडक आहेत. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, असले पाहिजे, आणि पान व फाइल दोन्ही विंडोजच्या ‘लोकल इंट्रानेट’ झोनमध्ये, म्हणजे अंतर्गत समजल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या गटात, असली पाहिजेत. क्रोम आणि फायरफॉक्सला हे धोरण लागू नाही.

पाचवा, साधासुधा मार्ग: प्रत्येक लिंकशेजारी ‘पाथ कॉपी करा’ बटण. लोकांनी तो फाइल एक्सप्लोररमध्ये चिकटवायचा. कोणालाच तो फारसा आवडला नाही, पण कुठेही चालणारा तोच होता.

निर्णय आणि अंमलबजावणी

चर्चा अडली होती ती ‘कुठला ब्राउझर’ या प्रश्नावर. ती पुढे सरकली लेखा विभागातल्या त्या बाईंच्या डाउनलोड्स फोल्डरचे चित्र पडद्यावर दाखवल्यावर. मग प्रश्न बदलला: ही फाइल लोक फक्त वाचतात की तिच्यात लिहितात?

वाचायच्या फाइली, म्हणजे परिपत्रके, पीडीएफ, माहितीपुस्तिका, वेब सर्व्हरवरून द्यायच्या ठरल्या. पण सगळा शेअर नव्हे, सर्वांना खुले असलेले फोल्डर तेवढे, आणि तेही फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या खात्याने. लिहायच्या फाइली जागेवरच ठेवून त्यांच्यासाठी एजचे धोरण. क्रोम व फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी पाथ कॉपीचे बटण.

एचटीटीपीएसचा मुद्दा इथे निर्णायक ठरला. धोरणाला ते हवे होतेच, शिवाय कॉपीच्या बटणालाही. क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे) लिहिण्याची ब्राउझरची नवी सोय सुरक्षित पानावरच चालते. स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारी फाइल) वापरून वेळ मारून नेता आली असती, पण मग रोज सकाळी धोक्याची सूचना ओलांडून पुढे जायची सवय सगळ्यांना लागली असती. म्हणून संस्थेच्या अंतर्गत प्रमाणपत्र व्यवस्थेतून प्रमाणपत्र काढले आणि त्याचे मूळ प्रमाणपत्र ग्रुप पॉलिसीने (विंडोजच्या मध्यवर्ती सेटिंगने) सर्व संगणकांवर पोहोचवले.

धोरण लावल्यावर पहिल्या चाचणीत काही लिंक चालल्या, काही हलेनात. न चालणाऱ्या लिंकमध्ये सर्व्हरचे नाव नसून आयपी पत्ता (आकड्यांतला पत्ता) होता किंवा टिंबे असलेले पूर्ण नाव होते. टिंब नसलेल्या नावाला विंडोज सहसा अंतर्गत समजते, टिंब दिसले की तीच वस्तू बाहेरची इंटरनेट झोनमधली. सर्व्हरची नावे ‘साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट’मध्ये घालून त्यापुढे इंट्रानेटचा क्रमांक १ दिला आणि आयपी पत्ते लिंकमधून काढून टाकले. धोरण संगणकापर्यंत पोहोचले की नाही हे एजच्या पॉलिसी पानावर दिसते. चाचणी करणाऱ्याने आधी ते पाहायचे, मग क्लिक करायचे, असा क्रम लावून दिला.

वेब सर्व्हर लिनक्सवर होता आणि त्याने आपली वेगळी फी वसूल केली. विंडोजला इंग्रजी नावातली लहान-मोठी लिपी एकच, लिनक्सला वेगळी. पीडीएफ हे शेपूट कुठे मोठ्या अक्षरांत, कुठे लहान. नावे दुरुस्त करणारी एक स्क्रिप्ट लिहिली. तिनेच # काढले, सगळे ‘ऱ’ एका रूपात आणले आणि न दिसणारी जोडचिन्हे सापडतील तिथली यादी छापली. ती यादी मात्र माणसाने बघूनच बदलली, कारण काही शब्दांत ते चिन्ह मुद्दाम घातलेले असते.

प्रशिक्षण संचासाठी दोन पर्याय होते: प्रत्येक संगणकावर छोटा सर्व्हर चालवायचा, किंवा संच डबल क्लिकवर चालेल असा बदलायचा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा संगणकावर असेल तर सर्व्हर एका आज्ञेत उभा राहतो, पण नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडायला लावणे कोणाच्याच मनात नव्हते. संचच बदलला. धड्यांची यादी जेसनमधून काढून साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये चलाच्या (व्हेरिएबलच्या) रूपात ठेवली आणि स्क्रिप्ट मॉड्यूल न ठेवता जुन्या पद्धतीने जोडली. असे जोडलेले स्क्रिप्ट, चित्र आणि शैलीपत्रक डबल क्लिकच्या पानातही चालते, अडवले जाते ते फाइल मागवून तिचा मजकूर वाचणे.

परिणाम

पोर्टलवरच्या वाचायच्या लिंक सर्व ब्राउझरमध्ये चालू लागल्या आणि त्याबद्दलच्या तक्रारी थांबल्या. तक्त्यांच्या बाबतीत एजवाले सुखी झाले. क्रोमवाल्यांपैकी काहीजण आपणहून एजकडे वळले, काही अजूनही पाथ कॉपी करतात आणि कुरकुरतात. लेखा विभागातल्या विखुरलेल्या प्रती एकत्र करायला मात्र हातानेच बसावे लागले. कुठला आकडा कुठल्या प्रतीत शेवटचा, हे फाइलींच्या बदलाच्या वेळा पाहून आणि लोकांना विचारून ठरवले. संपूर्ण प्रकरणातले सर्वांत किचकट काम हेच झाले.

एक जुनी तक्रार अजून उरली आहे. मेलमध्ये पाथ लिहिला की मोकळ्या जागेपाशी लिंक तुटते. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पाथ टोकदार कंसांत (< >) लिहिला तर पूर्ण लिंक बनते. पण हे प्रत्येकाला प्रत्येक वेळी आठवत नाही.

वेगळे काय करता आले असते

संगणक बदलण्याआधी पोर्टलच्या पानातून ‘फाइल:’ हा शब्द शोधला असता तरी किती लिंक अडणार हे कळले असते. कुठलेही खास साधन लागत नव्हते, नोटपॅडमधला शोध पुरला असता. इंटरनेट एक्सप्लोरर जाणार हे बरेच आधी जाहीर झालेले होते.

तक्रार नोंदवण्याच्या अर्जातच ते तीन प्रश्न असायला हवे होते. सुरुवातीचा बराच वेळ ब्राउझर पुन्हा पुन्हा बसवण्यात गेला आणि एकदाही कोणी कन्सोल उघडला नव्हता. आता अर्जात ‘लिंक कुठे आहे’ असा रकाना आहे. तोही बहुतेक वेळा रिकामाच येतो, मग फोन करावा लागतो.

संच स्वीकारताना तो बनवणाऱ्याच्या संगणकावर न बघता एका कोऱ्या संगणकावर, पेनड्राइव्हवरून, डबल क्लिक करून बघण्याची अट करारात घालता आली असती.

एका बाबतीत अजून एकमत नाही. काहींच्या मते तक्ते शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धतच मोडावी आणि सगळे एकत्र संपादन करता येईल अशा वेब व्यवस्थेत न्यावे, म्हणजे फाइल लिंकचा प्रश्नच उरणार नाही. माझे मत वेगळे आहे. तिथे नेल्यावर परवानग्या नव्याने आखाव्या लागतील, आणि या शेअरवरच्या परवानग्या कोणी, कधी, का दिल्या हे आज कोणालाच नीट सांगता येत नाही. आधी ती यादी तयार व्हावी, मग स्थलांतराचा विषय काढावा. ती यादी करण्याचे काम सध्या चालू आहे.